‘पाळणे’ या क्रियापदाची कसोटी : परदेशी अपृष्ठवंशी प्राण्याची निवड

मराठीत शब्द पाळतात, वेळ पाळतात, व्रत पाळतात आणि जनावरही पाळतात. या सर्व प्रयोगांत क्रियापद एकच आहे, आणि त्याच्या मुळाशी असलेल्या संस्कृत ‘पाल्’ धातूचा अर्थ रक्षण करणे असा आहे. ‘पोसणे’ या क्रियापदात केवळ अन्न देण्याचा भाव आहे आणि ‘ठेवणे’ या क्रियापदात केवळ ताब्याचा. ‘पाळणे’ म्हटले की एखादी मर्यादा स्वीकारणे आणि ती शेवटपर्यंत सांभाळणे अपेक्षित असते. अलीकडे शहरांतच नव्हे, तर लहान गावांतही परदेशी कोळी, विंचू, झुरळे व गोगलगाई हौसेने घरी आणण्याची प्रवृत्ती दिसू लागली आहे. तिचा विचार करताना हा अर्थभेद उपयोगी पडतो.

ज्यांना पाठीचा कणा नाही ते सर्व प्राणी अपृष्ठवंशी होत. विज्ञानाला ज्ञात असलेल्या प्राणिजातींपैकी शेकडा ९५ हून अधिक जाती या वर्गात मोडतात. बोलभाषेत या सर्वांना सरसकट ‘किडा’ म्हटले जाते. पण सहा पायांचा कीटक, आठ पायांचा कोळी अथवा विंचू आणि मृदू शरीराची गोगलगाय यांच्या गरजा एकमेकांपासून फार भिन्न आहेत. म्हणून निवडीची पहिली पायरी म्हणजे प्राण्याचे नेमके नाव जाणून घेणे ही होय.

बाजारातील नावे या कामी फारशी विश्वसनीय नसतात. ‘टॅरंटुला’ हे नाव इटलीतील तारांतो या शहरावरून आले आणि मूळचे ते तेथील एका वृक-कोळ्याचे होते. आज ज्या मोठ्या केसाळ कोळ्यांना ते लावले जाते, ते निराळ्या कुळातील आहेत. आंध्र प्रदेशातील एका निळ्या कोळ्याची कथा याहून उद्बोधक आहे. गुत्ती येथील रेल्वेच्या लाकूड-आवारात सापडलेल्या नमुन्यावरून पोकॉक या शास्त्रज्ञाने १८९९ मध्ये ‘पोइसिलोथेरिया मेटॅलिका’ या जातीचे वर्णन केले. तेव्हापासून गुत्तीचे नाव त्या कोळ्याला चिकटले. वास्तविक त्याचे ज्ञात वसतिस्थान तेथून बरेच दूर, नंद्याल व गिद्दलूर यांच्या मधल्या जंगलात आहे. आगगाडीने आलेल्या लाकडांबरोबर तो गुत्तीला पोहोचला असावा असा तर्क आहे. नाव सांगते ते ठिकाण आणि प्राणी जगतो ते ठिकाण ही एकच असतील असे गृहीत धरता येत नाही. आज ही जात अतिसंकटग्रस्त गणली जाते, आणि तिच्या सुंदर निळ्या रंगाला जगभरच्या हौशी लोकांत असलेली मागणी हेही तिच्यावरील संकटाचे एक कारण आहे.

दुसरी पायरी हवामानाची. चंद्रपूर जिल्ह्यातील माजरी हे कोळशाच्या खाणींचे गाव. येथून वणी-आदिलाबादकडे जाणारा रेल्वेचा फाटा फुटतो आणि सभोवार कापूस व सोयाबीन यांची शेती आहे. या भागात मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सियसच्या वर चढतो. पश्चिम आफ्रिकेच्या दमट अरण्यातील सम्राट विंचवाला सावली, ओलसर माती आणि सौम्य उष्णता लागते. माजरीच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या छपराखाली ठेवलेल्या काचपेटीत तो फार काळ तग धरणार नाही. येथे प्रश्न प्राण्याला ऊब देण्याचा नसून त्याला थंड ठेवण्याचा आहे. परदेशी पुस्तकांतील सूचना बहुधा थंड देशांतील घरे डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेल्या असतात, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. शिवाय डास मारण्यासाठी घरात मारलेला फवारा किंवा शेतातून आणलेल्या पाल्यावरील कीटकनाशक या प्राण्यांनाही मारक ठरते. जे औषध किड्यावर चालते ते पाळलेला किडा ओळखत नाही.

तिसरी पायरी आयुर्मानाची. हिस्स आवाज करणारे मादागास्करचे बिनपंखी झुरळ दोन ते पाच वर्षे जगते. सम्राट विंचू सहा ते आठ वर्षे जगू शकतो. मेक्सिकोच्या तांबड्या गुडघ्यांच्या कोळ्याची मादी वीस वर्षांहून अधिक जगते. नर मात्र त्या मानाने अल्पायुषी असतो. दहावीतील मुलाने हौसेने आणलेली अशी मादी तो मुलगा नोकरीसाठी पुण्यास गेल्यावरही घरात राहणार, आणि तिची जबाबदारी आईवर किंवा धाकट्या भावंडांवर येणार. शब्द पाळणे जितके दीर्घ, तितकेच हे पाळणेही दीर्घ असते.

चौथी पायरी धोक्याची. आकार आणि विष यांचे प्रमाण जुळतेच असे नाही. सम्राट विंचू वीस सेंटिमीटरपर्यंत वाढतो, पण त्याचा दंश सामान्यतः मधमाशीच्या दंशाइतका मानला जातो. उलट महाराष्ट्रातील लहानसा तांबडा विंचू प्राणघातक ठरू शकतो; महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी त्याच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केला, तो याच कारणाने. अमेरिका खंडांतील अनेक मोठे कोळी पोटावरील बारीक केस झाडतात, आणि ते डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते. आशियातील कोळ्यांना तसे केस नसतात, परंतु त्यांचा दंश अधिक तीव्र असतो. यांपैकी कोणताही प्राणी हाताळण्यासाठी नाही. तो पाहण्यासाठी आहे. हाताळल्याने त्याला सुख होत नाही, आणि हातातून पडल्यास मोठ्या कोळ्याचे पोट फुटून तो मरतो.

पाचवी पायरी कायद्याची. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये २०२२ साली दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या जातींसाठी तीत स्वतंत्र अनुसूची जोडलेली आहे. अशा जातीचा जिवंत प्राणी जवळ असल्यास त्याची माहिती देऊन नोंदणी करणे बंधनकारक असून त्यासाठीचे नियम २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. सम्राट विंचू आणि मेक्सिकोचा तांबड्या गुडघ्यांचा कोळी हे त्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. वर उल्लेखिलेल्या निळ्या कोळ्याची संपूर्ण प्रजातीही २०१९ मध्ये त्यात समाविष्ट झाली. तेव्हा प्राणी कोठून आला, बंदिवासात जन्मला की जंगलातून धरून आणला, याचे कागद विक्रेत्याजवळ नसतील तर तो घेऊ नये, हेच उचित होय.

सहावी पायरी सर्वांत महत्त्वाची, कारण तिचे परिणाम घरापुरते राहत नाहीत. १८४७ मध्ये विल्यम बेन्सन या इंग्रज शंखशिंपल्यांच्या अभ्यासकाने मॉरिशसहून पूर्व आफ्रिकी मूळाच्या मोठ्या गोगलगाईंची एक जोडी कलकत्त्यास आणली. जाताना त्याने ती एका परिचिताकडे सोपविली आणि ती चौरंगी भागातील बागेत सोडली गेली. ही गोगलगाय उभयलिंगी असून एका वेळी शेकडो अंडी घालू शकते. उन्हाळ्यात शिंपल्याचे तोंड बंद करून ती पडून राहते आणि पाऊस येताच पुन्हा हिंडू लागते. आज ती देशाच्या अनेक भागांत पिके खाते आणि माणसाच्या मेंदूला अपाय करणाऱ्या एका कृमीची वाहक ठरते. बेन्सनच्या कृतीत द्वेष नव्हता, कुतूहल होते. पण सोडून देणे ही पाळण्याच्या विरुद्ध क्रिया आहे, आणि या प्राण्याच्या बाबतीत ती परत घेता आलेली नाही.

‘परदेशी’ हे विशेषणही सापेक्ष आहे. युरोपातील शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या पाळला जाणारा काडीकिडा, कॅरॉशियस मोरोसस, हा तमिळनाडूच्या पळणी टेकड्यांतला. नराशिवाय अंडी घालणारा हा किडा काही परदेशांत बागांत निसटून वसला आहे. म्हणजे येथला रहिवासी तेथे आगंतुक ठरला. प्राणी परका ठरतो तो त्याच्या स्वभावामुळे नव्हे, तर त्याला जेथे नेले त्या जागेमुळे.

या साऱ्या कसोट्यांवर एक जुनी रीत पाहण्यासारखी आहे, आणि ती माजरीपासून फार दूरची नाही. चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील जंगलांत, विशेषतः आरमोरीच्या परिसरात, ढिवर समाजातील कुटुंबे ऐन व अर्जुन या झाडांवर टसरचे किडे पाळतात. ही अळी घरात आणली जात नाही. ती झाडावरच पाने खाते, चार वेळा कात टाकते आणि शेवटी कोसा विणते. पाळणाऱ्याचे काम म्हणजे पक्षी, मुंग्या व गांधीलमाशा यांच्यापासून तिची राखण करणे. चीनमधून जगभर गेलेला तुतीचा रेशीमकिडा माणसाच्या घरात इतका बांधला गेला आहे की त्याच्या पतंगाला उडताही येत नाही. टसरच्या पतंगाचे तसे नाही. येथे रक्षण म्हणजे कोंडणे नव्हे. ‘पाळणे’ या शब्दाचा मूळ अर्थ या व्यवहारात आजही जिवंत आहे.

याचा अर्थ काचपेटीतील कोळी निषिद्धच मानावा असा नाही. नाव नेमके ठाऊक असेल, बंदिवासात जन्मल्याचा पुरावा असेल, नोंदणी झालेली असेल, मे महिन्यातील उष्म्याची तजवीज असेल आणि वीस वर्षांनी त्याला कोण सांभाळणार याचे उत्तर घरात मिळत असेल, तर ती हौस ज्ञानवर्धकच ठरेल. यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर नसेल, तर त्या व्यवहाराला ‘ठेवणे’ म्हणावे, ‘पाळणे’ म्हणू नये. आणि ज्याला किड्याचे जीवन जवळून पाहण्याचीच ओढ आहे, त्याच्यासाठी ऐनाच्या झाडावरील अळी कोसा विणताना पाहणे हा मार्ग नेहमीच खुला आहे. तिच्यासाठी पेटी लागत नाही, आणि तिला सोडून देण्याचा प्रश्नही उद्भवत नाही.