हावडा पूल पायी पाहावा तो असा

मुंबईहून नागपूरमार्गे कोलकात्याला जाणाऱ्या गाड्या हुगळी नदीच्या पश्चिम काठावर, हावड्याला थांबतात. कोलकाता समोरच्या काठावर. मधला पूल टॅक्सीतून काही मिनिटांत मागे पडतो आणि बहुतेक प्रवाशांचा 'हावडा ब्रिज' तेवढ्यावरच संपतो. पण हा पूल कसा उभा आहे, हे पायी गेल्यावरच कळते.

आधीचा तरंगता पूल

इथे पहिला पूल १८७४ साली झाला. सर ब्रॅडफर्ड लेस्ली या अभियंत्याने तो तरंगत्या नौकांच्या आधारावर बांधला होता. जहाज आले की मधला भाग बाजूला काढावा लागे आणि तेवढा वेळ वाहतूक खोळंबे. वाढत्या शहराला तो पुरेना, म्हणून १९३६ मध्ये नव्या पुलाचे काम सुरू झाले. दुसरे महायुद्ध चालू असताना, ३ फेब्रुवारी १९४३ रोजी, कसलाही गाजावाजा न करता नवा पूल खुला झाला. १९६५ मध्ये त्याचे 'रवींद्र सेतू' असे नामकरण झाले.

नदीच्या पात्रात खांब का नाहीत?

हुगळीत गाळ फार आणि जहाजांची ये-जाही मोठी. पात्रात खांब उभारले असते तर दोन्ही अडचणी वाढल्या असत्या. म्हणून दोन काठांवर सुमारे २८० फूट उंचीचे दोन पोलादी मनोरे उभारून मधले १,५०० फूट अंतर मोकळे ठेवले. या रचनेला कॅन्टिलिव्हर म्हणतात. भिंतीतून बाहेर काढलेला सज्जा जसा मागच्या वजनावर तोलला जातो, तसा प्रत्येक मनोऱ्यातून नदीच्या दिशेने ४६८ फुटांचा हात पुढे आला आहे. मनोऱ्याच्या मागे, जमिनीच्या बाजूला, ३२५ फुटांचा हात त्याला धरून ठेवतो. पुढच्या दोन हातांच्या टोकांना ५६४ फुटांचा मधला भाग टांगलेला आहे.

पोलाद जमशेदपूरचे

पुलाला सुमारे २६,५०० टन पोलाद लागले. युद्धामुळे इंग्लंडहून माल येणे कठीण झाले आणि त्यातले सुमारे २३,००० टन टाटांच्या जमशेदपूरच्या कारखान्याने पुरवले. सगळा सांगाडा नट-बोल्टांऐवजी रिवेट ठोकून जोडला आहे.

चालताना काय पाहावे?

रस्ता ७१ फूट रुंद असून दोन्ही बाजूंना १५-१५ फुटांचे पदपथ आहेत. चालताना मान वर करा. रस्ता खालून कशावरही टेकलेला नाही. वरच्या सांगाड्यातून उतरलेल्या हँगरच्या ३९ जोड्यांनी तो धरला आहे. तुळयांवर ओळीने बसलेली रिवेटची गोल डोकी हातभर अंतरावरून दिसतात. अवजड बस गेली की पायाखालचा हादरा स्पष्ट जाणवतो. पूर्वी इथून ट्रामही धावत. १९९३ मध्ये त्या बंद झाल्या.

कधी आणि कसे जावे?

सकाळी लवकर जा. हावडा स्टेशनातून बाहेर पडून पदपथ धरा आणि कोलकात्याच्या बाजूला उतरून मल्लिक घाटाचा फूलबाजार गाठा. झेंडूच्या माळांचे ढीग आणि डोक्यावर टोपल्या घेऊन धावणारे हमाल यांना वाट देत चाला. परतताना फेरीबोट घ्या. दोन मनोऱ्यांमधला मोकळा पट्टा पाण्यावरूनच नीट दिसतो. फोटोही घाटावरून किंवा बोटीतून चांगले येतात. पुलावर कॅमेरा काढण्याआधी तिथल्या पोलिसांना विचारलेले बरे. पाय थकले असतील तर मेट्रो आहेच. मार्च २०२४ पासून ती याच नदीखालच्या बोगद्यातून धावते.

पुलाचा खरा शत्रू

पुलाची देखभाल कोलकाता बंदराकडे आहे. वाहनांच्या भाराइतकीच तिथल्या अभियंत्यांना पानाच्या पिचकाऱ्यांची चिंता करावी लागली. चुना आणि थुंकी यांनी हँगरच्या तळाचे पोलादी आवरण इतके झिजले, की शेवटी त्यावर फायबर ग्लासची वेष्टने चढवावी लागली. तेव्हा कोलकात्यात पान जरूर खा, पण पूल ओलांडून झाल्यावर.