पाण्यात शिरण्यापूर्वीचा अर्धा तास

आमच्या सोसायटीतल्या एका तरुणाने डोंगरदऱ्यांत, ओढ्या-नाल्यांत घालता येईल अशी दणकट गाडी घेतली आहे. पुढच्या काचेच्या कडेने थेट टपापर्यंत चढवलेला एक काळा नळही त्याने हौसेने बसवून घेतला. त्याला स्नॉर्केल म्हणतात. ‘काका, आता कितीही पाणी असू दे,’ असं तो मला म्हणाला. मी बँकेत पस्तीस वर्षं काढली आहेत. ‘कितीही’ हा शब्द ऐकला की माझा हात अजून लाल पेन शोधतो. मी त्याला विचारलं, ‘मागचा दोर कधी बांधतोस?’ तो नुसता हसला. म्हाताऱ्याचं काहीतरीच, असं ते हसू होतं.

प्रश्न माझा नव्हे. मामांचा.

१९८८ साली मी गडचिरोली जिल्ह्यात फील्ड ऑफिसर होतो. जिल्हा होऊन सहाच वर्षं झाली होती. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमातली कर्जं द्यायची, दिलेल्या म्हशी गोठ्यात आहेत का ते पाहायचं, त्यांच्या कानातल्या बिल्ल्यांचे नंबर टिपायचे, हे माझं काम. आलापल्लीहून भामरागडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे रपटे पावसाळ्यात पाण्याखाली जात. रस्ता सोडून आतल्या गावांकडे वळलं की रपटाही नसे. नाल्याच्या पात्रातूनच वाट. बँकेची एक डिझेल जीप होती आणि ती चालवणारे मामा. फौजेत ट्रक चालवून निवृत्त झालेले, पन्नाशी ओलांडलेले. शाखेतले सगळेच त्यांना मामा म्हणत.

नाला आला की मामा इंजिन बंद करून खाली उतरत. पाण्याच्या कडेला एक दगड ठेवत आणि बिडी पेटवत. बिडी संपेपर्यंत दगड बुडाला तर जीप मागे वळे, त्यावर चर्चा नाही. दगड कोरडा राहिला तर बांबू घेऊन स्वतः पलीकडे चालत जाऊन येत. तळाशी वाळू आहे की गोटे, खड्डा कुठे, धार कुठे जोराची, हे पायांनी वाचायचं. ‘आधी माणूस भिजते जी, मग गाडी,’ असं त्यांचं म्हणणं.

मग जीपकडे वळायचं. पहिलं काम, पंख्याचा पट्टा सैल करण्याचं. फिरता पंखा पाण्यात गेला की सगळ्या इंजिनावर पाणी उडवतो आणि त्याची पाती पुढे वाकून रेडिएटरमध्ये घुसू शकतात. पुढच्या जाळीवर ताडपत्री बांधायची. एअर क्लीनरचं तोंड रबरी नळी जोडून काचेच्या वर न्यायचं. ती नळी मामांनी कुठल्याशा ट्रकच्या भंगारातून मिळवली होती. मागच्या-पुढच्या डिफरन्शिअलला वाफ सोडण्यासाठी एक बारीक छिद्र असतं, त्यालाही सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचा तुकडा लावून वर काढायचा. धावून तापलेला डिफरन्शिअल थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि तो सांध्यातून पाणी ओढून घेतो. दोन दिवसांनी उघडून पाहावं, तर तेलाचं ताक झालेलं. क्लचच्या घराखालच्या भोकाला बूच मारायचं. बॅटरीच्या टोकांना, तेलाच्या झाकणाला ग्रीस थापायचं. आणि शेवटी मागच्या हुकाला दोर बांधून त्याचं दुसरं टोक टपाच्या दांडीला अडकवून ठेवायचं. हे सगळं व्हायला अर्धा तास लागे. पलीकडे गेलं की तितकाच वेळ सगळं सोडायला. पट्टा सैल राहिला तर पाण्याचा पंप फिरत नाही आणि इंजिन उकळतं.

ही विद्या फौजेतली. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर ज्या जीपगाड्या आणि ट्रक समुद्रात उतरले, त्यांचीही अशीच तयारी झालेली होती. हवेचे आणि धुराचे नळ वर चढवलेले, विजेचे भाग चिकट लेपाने बंद केलेले. कोरड्या जमिनीवर येताच त्यांनाही हे सारं सोडवावं लागे.

पाण्यातून जायचं तेही एका रीतीने. लो गिअरमध्ये, माणूस भराभर चालेल तेवढ्याच वेगाने, मध्ये गिअर न बदलता, न थांबता. गाडी सरकत असते तोवर तिच्यापुढे एक लाट उभी राहते आणि त्या लाटेमागे बोनेटखालचं पाणी थोडं खाली जातं. थांबलात की ते वर चढतं. पलीकडे पोचल्यावर ब्रेक हलके दाबत काही अंतर जायचं, म्हणजे लायनर वाळतात.

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, म्हणून त्याला पाण्याचं भय नाही, असं पुष्कळांना वाटतं. तेव्हा मलाही वाटे. पेट्रोलची गाडी डिस्ट्रिब्युटर भिजला की बंद पडते, पुसून कोरडा केला की बहुधा पुन्हा चालू होते. डिझेलची गाडी भिजून बंद पडत नाही. पण हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी गेलं की मात्र संपलं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. वर येणारा पिस्टन त्या पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. अशा वेळी स्टार्टरला हात लावायचा नसतो. इंजेक्टर काढून इंजिन हाताने फिरवायचं, पाणी बाहेर काढायचं, मग पुढचं.

हे मला ऑगस्ट महिन्यातल्या एका दुपारी कळलं. सकाळी सगळी तयारी करून आम्ही नाला ओलांडला होता. परत निघालो तेव्हा दोन वाजले होते आणि चार वाजता शाखेत विभागीय कार्यालयातले साहेब यायचे होते. नाल्याशी मामांनी जीप थांबवली.

‘अर्धा घंटा द्या जी.’

‘सकाळी केलंय ना सगळं?’

‘पलीकडे सोडलं ना जी. सोडावंच लागते.’

पाणी सकाळपेक्षा वीतभरच जास्त दिसत होतं. मी अठ्ठावीस वर्षांचा होतो. ‘जाऊ द्या,’ म्हणालो. मामांनी माझ्याकडे पाहिलं आणि जीप पाण्यात घातली.

मध्यावर पंख्याने पाणी उडवल्याचा आवाज झाला, मग ठक्, आणि मग नुसता नाल्याचा आवाज. ‘मारा स्टार्टर,’ मी म्हणालो. ‘नको जी.’ मी पुन्हा म्हणालो, या वेळी साहेबाच्या आवाजात. त्यांनी मारला. लोखंडावर घण बसल्यासारखा एक आवाज आला, बस्स. पाणी सीटपर्यंत आलं.

गावातली माणसं बैलांच्या दोन जोड्या घेऊन आली, पण दोर बांधायचा हुक पाण्याखाली. मामांनी बुडी मारली. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा ते खाली गेले ते लवकर वर आलेच नाहीत. मी टपाची दांडी धरून उभा होतो. पोहायला येत असूनही मी उतरलो नाही, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. ते वर आले तेव्हा दोर बांधलेला होता आणि त्यांना बोलता येत नव्हतं.

आता गाड्या बदलल्या. कितीपर्यंत पाणी चालेल ते कंपन्याच सांगतात. २०२० साली आलेल्या थारला ६५० मिलिमीटर, म्हणजे जेमतेम गुडघ्याच्या वर. हा आकडा स्थिर पाण्याचा धरावा, वाहत्या पाण्याचा नव्हे. दोन फूट वाहतं पाणी भल्या थोरल्या गाडीलाही तरंगवून बाजूला नेऊ शकतं, तिथे स्नॉर्केलचा काही उपयोग नाही. बंद काचेची गाडी तर होडीसारखी आधी तरंगते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईत माणसं गाड्यांमध्ये अडकून गेली. पाण्यात विजेच्या काचा आणि कुलुपं दगा देऊ शकतात. आणि एक बँकवाल्याची सूचना. बंद पडलेली गाडी पाण्यात पुन्हा चालू करायला गेलात आणि इंजिन गेलं, तर साध्या विमा पॉलिसीतून सहसा पैसे मिळत नाहीत. त्यासाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं.

आमच्या जीपचा एक रॉड वाकला होता. नाल्यात बंद पडताना वाकला की माझ्या स्टार्टरने, ते मेकॅनिकला सांगता आलं नाही. दुरुस्तीचं बिल वर गेलं, स्पष्टीकरण मागवलं गेलं. मी लिहिलं : ‘चालकाने आवश्यक पूर्वतयारी न करता वाहन पाण्यात नेले.’ या वाक्यातला एकही शब्द खोटा नव्हता. मामांची एक वेतनवाढ रोखली गेली. मेमो इंग्रजीत होता, त्यांनी तो माझ्याकडेच आणला. मी मराठीत वाचून दाखवला. त्यांनी सही केली आणि कार्बन कॉपी घडी घालून खिशात ठेवली.

पुढच्या पावसाळ्यात आम्ही पुन्हा त्याच नाल्याशी आलो. मामांनी दगड ठेवला, बिडी पेटवली. दगड कोरडा राहिला. मी न बोलता पँट गुडघ्यावर दुमडली, बांबू घेतला आणि पाण्याकडे निघालो.

‘साहेब,’ मामा मागून म्हणाले, ‘कमरेला दोर बांधा आधी.’