दिवस वेरूळला, संध्याकाळ शहराला

छत्रपती संभाजीनगरला येणारा पर्यटक बहुधा शहर पाहायला येतच नाही. तो येतो वेरूळ-अजिंठ्यासाठी. सोमवारी अजिंठा बंद आणि मंगळवारी वेरूळ बंद, एवढे सांभाळून दोन दिवस आखले जातात. एक दिवस वेरूळ आणि देवगिरी, परतीच्या वाटेवर घाईघाईत मकबरा आणि पाणचक्की. दुसरा दिवस अजिंठ्याचा. मग रात्रीची गाडी. मधल्या संध्याकाळी माणूस हॉटेलच्या खोलीत पाय लांब करून पडलेला असतो. हा क्रम इतका रुळला आहे की या शहराला ‘पर्यटनाची राजधानी’ म्हणणारेही त्याच्याकडे मुक्कामाचे ठिकाण म्हणूनच पाहतात. माझे म्हणणे असे की चूक नेमकी इथेच होते. दिवसाच्या गर्दीत आणि उन्हात हे शहर फारसे काही दाखवत नाही. दिवेलागणीनंतर, पायी हिंडणाऱ्याला आणि पोटात भूक ठेवून आलेल्याला ते कळते. आलेल्या प्रत्येकाने किमान एक संध्याकाळ त्याच्यासाठी राखून ठेवली पाहिजे.

तुलनेला स्पेनची राजधानी माद्रिद घेऊ. तिथून तोलेदो साधारण सत्तर किलोमीटरवर आणि सेगोविया नव्वदच्या आसपास. दोन्ही जागतिक वारसा यादीतली गावे. इथून वेरूळ तीस किलोमीटर आणि अजिंठा शंभर. दोन्ही 1983 पासून त्याच यादीत. दोन्हीकडे अंतरे दिवसभरात जाऊन येण्याजोगी, पण प्रवाशाचे वागणे उलटे. तिथला प्रवासी दिवसा तोलेदो पाहून येतो आणि संध्याकाळी माद्रिदमध्ये बाहेर पडतो, कारण तिथे रात्रीचे जेवण नऊ-दहाला सुरू होते आणि एकाच ठिकाणी बसून पोट भरण्यापेक्षा चार ठिकाणी उभ्याउभ्या थोडेथोडे खात फिरण्याची रीत आहे. माद्रिदशी आणखी एक नाते आहे, ते जमिनीखालचे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ते शहर भूमिगत बोगद्यांतून उताराने आणलेल्या पाण्यावर जगले. ही विद्या इराणी-अरबी परंपरेतून तिकडे गेली, आणि त्याच परंपरेची दुसरी फांदी निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याच्या हातून इथे रुजली. 1610 मध्ये त्याने खडकी या गावी राजधानी वसवली आणि उत्तरेच्या डोंगरांतले पाणी नहरीने गावात खेळवले. पुढे खडकीचे फतेहनगर झाले, 1653 नंतर औरंगाबाद आणि 2023 मध्ये छत्रपती संभाजीनगर. गावाची नावे बदलली. पण त्या पहिल्या आखणीवर शहराची जुनी वस्ती अजून उभी आहे.

नहरीचे काम समजून घ्यायला पाणचक्कीत थोडा वेळ थांबावे. डोंगरातल्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांनी कित्येक किलोमीटर येते, भिंतीवर चढते आणि उंचावरून हौदात कोसळते. त्या जोरावर खालचे चक्र फिरून जात्यावर दळण होत असे. दळलेले पीठ बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात येणाऱ्यांच्या आणि तिथे शिकणाऱ्यांच्या भाकरीसाठी होते. पाणी आणि अन्न यांची इतकी जवळची सांगड घालणारे स्मारक आपल्याकडे क्वचितच सापडेल, आणि बहुतेक प्रवासी तिथे दहा मिनिटांत फोटो काढून निघतात.

मकबऱ्याबाबतचा आक्षेप जुना आहे: ही ताजमहालाची फिकी नक्कल. साम्य नाकारण्यात अर्थ नाही. औरंगजेबाची पत्नी दिलरस बानू बेगमच्या या कबरीचा वास्तुकार अताउल्ला हा ताजमहालाच्या उस्ताद अहमद लाहोरीचाच मुलगा. प्रवेशद्वाराच्या पितळी पत्र्यावर त्याचे आणि अभियंता हंसपतराय यांचे नाव कोरलेले आहे. वास्तूच्या दारावर कारागिरांनाही जागा मिळावी, हे त्या काळी दुर्मीळच. खर्चाची जी नोंद सांगितली जाते ती 6,68,203 रुपये 7 आण्यांची. ताजमहालाचे आकडे कोटींत आहेत. त्यामुळे संगमरवर भिंतीच्या खालच्या पट्ट्यापुरता आणि घुमटापुरता, बाकी काळा दगड आणि त्यावर चुन्याचा गिलावा. पण या काटकसरीमुळेच इथे जे घडले ते पाहण्यासारखे आहे. गिलाव्यात काढलेली वेलबुट्टी इतकी बारीक आहे की हात लावल्याशिवाय ती दगडाची नाही हे पटत नाही. (हात मात्र लावू नये.) आत कबर आपल्या पातळीवर नाही. आपण वरच्या सज्जात उभे असतो आणि अष्टकोनी जाळीच्या आत, खाली, साधी कबर दिसते. नक्कल म्हणून आलेल्याला ही मांडणी अनपेक्षित असते. दुपारी दोनला पांढरा गिलावा डोळ्यांवर येतो. सूर्य कलल्यावर तोच मऊ होतो आणि मागचा डोंगर निळा पडू लागतो.

त्याच डोंगरात शहराची स्वतःची बौद्ध लेणी आहेत, याचा वेरूळहून परतलेल्यांना पत्ता नसतो. सातव्या लेण्यात संकटांत सापडलेल्या भक्तांना तारणारा अवलोकितेश्वर आहे: आग, बुडते जहाज, सिंह, साप, हत्ती, प्रत्येक संकट वेगळ्या चौकटीत. गाभाऱ्याच्या भिंतीवर एक नर्तकी आणि तिच्याभोवती वाद्ये वाजवणाऱ्या सहा स्त्रिया आहेत. या शहरात गाण्याबजावण्याची मैफल केव्हापासून भरते, असे कोणी विचारले तर हे शिल्प दाखवावे.

आता खाण्याकडे. संध्याकाळी सातच्या पुढे पैठण गेटपासून टिळक पथाने गुलमंडीला यावे. गुलमंडीची इमरती उत्तम मिठाई भांडारमुळे गावाबाहेरही ठाऊक झाली आहे. जिलबी मैद्याची, इमरती उडदाची. वाटलेली डाळ चांगली फेटून कापडाच्या छिद्रातून तुपात गोल फिरवतात आणि कडेने छोट्या पाकळ्या काढतात. ती गरमच खावी, कारण थंड झाल्यावर उडदाचा खमंगपणा पाकात बुडून जातो. तिथून मछली खडकच्या बाजारातून सिटी चौक, आणि पुढे बुढ्ढी लेनकडे वळले की नान-खलियाचा वास येतो. या गावची ओळख सांगणारा एकच पदार्थ निवडायचा तर हाच. मैद्याचा मोठा, जाड, मऊ नान. भट्टीत लावण्याआधी त्यावर हळद-गुळाच्या पाण्याचा हात फिरवतात, म्हणून भाजून निघाल्यावर तो पिवळसर-तांबूस आणि तकतकीत दिसतो, पहिल्या घासाला किंचित गोडही लागतो. सोबत खलिया म्हणजे मटणाचा पातळ, तिखट रस्सा, वर लाल तर्री. नान तुकडे करून रश्श्यात मुरवायचा आणि मग खायचा. मुहम्मद तुघलकाने 1327 च्या सुमारास राजधानी देवगिरीला हलवली तेव्हा फौजेबरोबर हे जेवण आले, असे गावात सांगतात. कागदोपत्री पुरावा नसला तरी पदार्थाची घडण त्या कथेला धरून आहे: टिकणारा नान आणि एका देगेत शेकडो माणसांना पुरेल असा रस्सा. आजही लग्नाच्या पंगतीत तो याच कारणाने टिकून आहे. शाकाहारी माणसाने मात्र गुलमंडीवरच जास्त वेळ काढावा.

इथे नाइटलाइफ कुठे आहे, असा प्रश्न पुण्या-मुंबईचे तरुण विचारतात. नाच-गाण्याचे क्लब आणि पहाटेपर्यंतचे बार हाच अर्थ घेतला तर फारसे काही नाही, हे मान्य. पण माद्रिदची रात्र तरी केवळ मद्यावर उभी नाही. आजी, आई, लेकरे सगळी रात्री अकराला चौकात असतात, हे तिचे खरे लक्षण. तशी रात्र या शहराला माहीत आहे. रमजानमध्ये तरावीहची रात्रीची नमाज झाली की शहागंज, सिटी चौक, रोशन गेटचा भाग जागा होतो. कापड, चपला, अत्तर, शेवया, हलीम यांची खरेदी पहाटेच्या सहरीपर्यंत चालते आणि गर्दीत बायका-मुले मोठ्या संख्येने असतात. नवरात्रात कर्णपुऱ्याच्या देवीची यात्रा भरते. तिथे पहाटे अंधारातच भाविक पायी निघतात आणि रात्री पाळणे उशिरापर्यंत फिरतात. गणेश विसर्जनाची मिरवणूक राजाबाजारच्या संस्थान गणपतीपासून निघते ती याच रस्त्यांवरून. दोन्ही समाजांची रात्र एकाच जुन्या बाजारपेठेत भरते. कवी वली दखनी आणि सिराज औरंगाबादी यांची उर्दू याच गल्ल्यांतली, आणि आजही इथल्या दुकानदाराच्या मराठीत दखनी आणि दखनीत मराठी सहज मिसळते.

सर्वांत वजनदार आक्षेप गैरसोयीचा आहे. रस्ते अरुंद, वाहने बेसुमार, पदपथ नावालाच. दरवाजांचे शहर म्हणून मिरवायचे आणि मकई दरवाजासमोर कोंडीत अडकायचे, हे खरे आहे. नहरींच्या गावात नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येते, हे त्याहून बोचणारे. पण म्हणून शहर टाळावे हा निष्कर्ष चुकीचा आहे. प्रवासी संध्याकाळी बाहेर पडत नाही, म्हणून जुन्या बाजाराला पर्यटनातून काही मिळत नाही. आणि मिळत नाही, म्हणून तिथे पायी चालण्याची सोय करावी असे कोणाला वाटत नाही. फेब्रुवारी 2023 मध्ये जी-20 ची महिलांविषयीची डब्ल्यू-20 बैठक इथे झाली तेव्हा भिंती रंगल्या, रस्ते सुधारले. पाहुणा थांबणार असेल तर शहर त्याच्यासाठी तयारी करते, हे तेव्हा दिसले. हिमरूचे मोजके विणकरही अशाच थांबणाऱ्या गिऱ्हाइकाची वाट पाहतात. रेशीम आणि सुताची ती वीण उलटसुलट करून पाहायला, हातमाग चालताना ऐकायला, बसच्या पंधरा मिनिटांच्या थांब्यात जमत नाही.

पैठण गेट ते बुढ्ढी लेनची ही फेरी रमतगमतही पाऊण तासाची आहे. खाण्यासाठी थांबत गेलात तर दोन-अडीच तास. शेवटी रिक्षाने उस्मानपुऱ्यात जाऊन तारा पान सेंटरसमोर रांगेत उभे राहावे. रात्री उशिरापर्यंत तिथे विडे बांधले जात असतात. अजिंठ्याची गाडी सकाळी सातला निघते, तेवढी झोप होते.