अंगठा आणि अरबी समुद्र

खोर फक्कान हे संयुक्त अरब अमिरातीच्या पूर्व किनाऱ्यावरचं बंदर. कारभार शारजाचा, पण गाव हजर डोंगरांच्या पलीकडे, ओमानच्या आखाताला तोंड करून बसलेलं. समजा, तिथल्या एखाद्या मराठी घरातला मुलगा रात्री दहाला जेवण आटोपून प्लेस्टेशन लावतो आणि डोंबिवलीतल्या आतेभावाला ‘स्ट्रीट फायटर ६’मध्ये आव्हान देतो. डोंबिवलीत तेव्हा साडेअकरा वाजलेले असतात आणि आत्या ओरडत असते, ते सोडा. आपला प्रश्न वेगळा आहे. इकडच्याने मारलेला ठोसा तिकडे पोचायला किती वेळ लागतो?

खोर फक्कानच्या दक्षिणेला वीस-पंचवीस किलोमीटरवर फुजैरा आहे. समुद्राच्या तळावरून येणाऱ्या इंटरनेटच्या केबल तिथे किनाऱ्याला लागतात. १९९७मध्ये सुरू झालेली ‘फ्लॅग’ आणि २००५ची ‘सी-मी-वी ४’ या दोन्ही केबल फुजैरालाही टेकतात आणि मुंबईलाही. मधलं सरळ अंतर साधारण १,८०० किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. म्हणजे मुंबईला जाऊन परत फुजैराला यायला त्याला वीसेक मिलिसेकंद पुरतात! प्रत्यक्षात केबल वळणं घेत जाते, मधली यंत्रंही वेळ खातात. म्हणून हा आकडा दुप्पट-तिप्पट धरू.

आता आपला अंगठा बघा. एकच बटण जीव खाऊन बडवलं, तरी बहुतेकांना सेकंदाला सहा-सात वेळाच जमतं. म्हणजे एका टिचकीला दीडशे मिलिसेकंद. प्रकाश अरबी समुद्र ओलांडून परत येतो, तरी आपला अंगठा अजून बटणावरून पुरता उठलेलाही नसतो. या सगळ्या व्यवहारात सर्वांत मंद यंत्र कुठलं असेल, तर ते आपल्या तळहाताला जोडलेलं आहे. म्हणूनच कंट्रोलर कसा धरायचा, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही.

लढाईच्या गेममध्ये वेळ मोजतात फ्रेममध्ये. एका सेकंदात साठ फ्रेम, म्हणजे एक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंदांची. ‘स्ट्रीट फायटर ६’मधला सर्वांत चपळ ठोसा चौथ्या फ्रेमला लागतो. डोळ्यांनी काही बघून बोट हलवायला माणसाला २०० ते २५० मिलिसेकंद, म्हणजे बारा ते पंधरा फ्रेम लागतात. मग तो ठोसा बघून अडवणार कोण? कोणीच नाही! तो अंदाजाने, आधीच अडवायचा असतो. उलट ‘ड्राइव्ह इम्पॅक्ट’ नावाचा जबरदस्त धक्का यायला २६ फ्रेम लागतात, म्हणजे ४३३ मिलिसेकंद. त्यातल्या पंधरा फ्रेम डोळा आणि मेंदू खातात. उरलेल्या अकरा फ्रेममध्ये हाताला काम उरकायचं असतं. माणसाला जेमतेम जमेल, पण सहज जमणार नाही, अशा काठावर हे आकडे नेऊन ठेवलेत. तेवढ्या वेळात अंगठा चुकीच्या जागी असला, तर खेळ खलास.

नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये ज्यांनी नाणी घालवली, त्यांना कंट्रोलर नव्हे, दांडा आठवेल. खाली, तिरकं, पुढे आणि ठोसा, की हातातून निळा गोळा सुटायचा आणि अख्खं पार्लर ‘आदुकेन’ म्हणून ओरडायचं. मूळ ‘स्ट्रीट फायटर’ १९८७चा. त्याच्या एका मोठ्या यंत्रावर बटणांऐवजी दाब ओळखणाऱ्या गाद्या होत्या. जितका जोरात हात आपटाल, तितका जोरात ठोसा! कल्पना भन्नाट होती, पण हात किती वेळ टिकणार? सहा बटणांची मांडणी पुढे रूढ झाली आणि १९९१च्या ‘स्ट्रीट फायटर २’ने ती जगभर पोचवली. पार्लरमध्ये दांड्यासाठी एक अख्खा हात होता, मनगट होतं, कोपर होतं. घरच्या पॅडवर ते सगळं काम एकट्या अंगठ्याच्या गळ्यात पडलं.

तो अंगठा ज्या अधिकच्या चिन्हावर, म्हणजे डी-पॅडवर फिरतो, ते निन्टेन्डोच्या गुनपेई योकोई यांचं डोकं. १९८२मध्ये खिशात मावणाऱ्या ‘डाँकी काँग’साठी त्यांनी ते बनवलं. चार वेगळ्या बटणांऐवजी एकच तुकडा, मधोमध टेकलेला. डावी बाजू दाबली की उजवी आपोआप वर उचलली जाते. त्यामुळे डावं-उजवं एकदम दाबलं जायची सोयच नाही, आणि खाली न बघताही अंगठ्याला मध्य कुठे आहे ते कळतं. हल्लीच्या बिनदांड्याच्या, नुसत्या बटणांच्या पेटीवर मात्र डावं-उजवं एकदम दाबता येतं. तेव्हा खेळाने काय समजायचं, यावर स्पर्धांना नियम करावे लागले. योकोईंच्या त्या टेकूने हा वाद जन्मालाच येऊ दिला नव्हता.

पकडीचं खरं गुपित मात्र प्लास्टिकमध्ये नाही, हातात आहे. एक करून बघा. डाव्या हाताने उजव्या कोपराखालचा मांसल भाग धरा आणि उजव्या हाताची बोटं पियानो वाजवल्यासारखी हलवा. हालचाल कुठे जाणवली? बोटांच्या आत हाडं हलवणारा एकही स्नायू नाही! त्यांना वाकवणारे मोठे स्नायू कोपराजवळ बसलेत आणि लांब दोरांसारख्या कंडरांनी तिथून बोटं ओढतात. हे दोर मनगटातून जातात, म्हणून मनगट कसं ठेवलंय यावर सगळं अवलंबून. मनगट आतल्या बाजूला पूर्ण वाकवा आणि मूठ घट्ट आवळायचा प्रयत्न करा. आवळत नाही ना? आता मनगट किंचित वर उचला आणि पुन्हा आवळा. एकदम ताकद आली! मांडीत पॅड खुपसून, मनगटं खाली मोडून बसणारा खेळाडू सामना सुरू व्हायच्या आधीच आपली अर्धी मूठ गमावून बसतो.

आणखी एक गंमत. तळहात टेबलावर पालथा ठेवा, मधलं बोट आत दुमडा आणि आता अनामिका उचला. बहुतेकांची ती जागची हलत नाही. या बोटांचे स्नायू आणि कंडरा एकमेकांत गुंतलेत. अंगठा आणि तर्जनी त्या मानाने मोकळी. अंगठ्याची तर तऱ्हाच न्यारी: त्याच्या मुळाशी खोगिराच्या आकाराचा सांधा आहे, आणि आठ-नऊ स्नायू त्या एकट्याच्या दिमतीला आहेत. काही कोपराकडून ओढणारे, काही थेट तळहातातल्या उंचवट्यातले. म्हणूनच तो वर, खाली, आडवा, गोल, सगळीकडे फिरतो.

ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन नेपियर यांनी १९५६मध्ये माणसाच्या पकडीचे दोन मूळ प्रकार सांगितले. एक ताकदीची, हातोडा धरतो तशी. दुसरी नेमकेपणाची, सुई धरतो तशी. बहुतेक कामांना यातली एक पुरते. गेमचा पॅड मात्र दोन्ही एकाच वेळी, एकाच हातात मागतो! कडेवर भरलेली कळशी घेऊन मोकळ्या हाताने दाराची कडी काढणारी बाई आठवा. भार कमरेवर असतो, म्हणून बोटं कडी काढायला मोकळी राहतात. पॅडचंही तसंच व्हायला हवं. भार करंगळीने आणि अनामिकेने घ्यायचा. मुठीच्या ताकदीत या दोघींचा वाटा आपल्याला वाटतो त्याहून मोठा आहे. मधल्या बोटाने खालून आधार द्यायचा. प्लेस्टेशन ५चा पॅड सुमारे २८० ग्रॅमचा. दोन हातांच्या चार बोटांना तो काहीच जड नाही. मग अंगठे आणि तर्जन्या पूर्ण रिकाम्या राहतात.

नवशिके नेमकं उलट करतात. सामना रंगला की ते अंगठ्यांनीच पॅड आवळतात. आवळलेल्या अंगठ्यात वाकवणारे आणि उघडणारे स्नायू एकाच वेळी ताणलेले असतात. अशा अंगठ्याला हलायचं तर आधी स्वतःशीच भांडावं लागतं. हातघाईच्या क्षणी ‘बटण दाबलं होतं, पण लागलंच नाही’ अशी जी तक्रार ऐकू येते, तिच्यामागे पुष्कळदा हेच असतं.

आता उजवा अंगठा जरा जवळून बघा. त्याच्याखालच्या चार बटणांपैकी चौकोन हा हलका ठोसा, फुली ही हलकी लाथ, आणि दोन्ही एकदम दाबली की समोरच्याला उचलून आपटायचं. त्रिकोण आणि गोल म्हणजे मध्यम ठोसा आणि मध्यम लाथ. ती जोडी एकदम दाबली की ‘ड्राइव्ह पॅरी’ हा बचाव. एका अंगठ्याने दोन बटणं एकदम कशी दाबायची? पॅड नीट धरलात तर अंगठा खालच्या उजव्या कोपऱ्यातून तिरका वर येतो. चौकोन-फुलीची रेषा त्याच तिरकसपणात आहे! टोक चौकोनावर, पेर फुलीवर. अंगठा तसाच थोडा वर सरकवा: टोक त्रिकोणावर, पेर गोलावर. अंगठा उभा करून टोकानेच खेळणाऱ्याला या जोड्या कधीच खात्रीने मिळत नाहीत. आडवा ठेवणाऱ्याला त्या फुकटात मिळतात. जोरदार ठोसा-लाथेची बटणं पॅडच्या खांद्यावर, तर्जनीकडे. त्यातलं खालचं, बंदुकीच्या घोड्यासारखं बटण लांबवर दाबावं लागतं, म्हणून काही जण ते काम सेटिंगमध्ये जाऊन दुसऱ्या बटणाकडे सोपवतात. काही जण तर्जनी वाकवून थेट समोरच्या बटणांवर आणतात आणि मग पॅड पंजात पकडल्यासारखा दिसतो. वेगवान पकड आहे ही, पण मला विचाराल तर तासन्‌तास खेळणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये. वाकवून ताणलेली तर्जनी लवकर थकते.

डाव्या अंगठ्याची अडचण आणखी मजेशीर आहे. लढताना दोघे खेळाडू जागा बदलतात आणि प्रत्येक चाल आरशातल्यासारखी उलटी होते. उजवीकडे तोंड असताना अंगठा खालून आतल्या बाजूला फिरतो, डावीकडे तोंड असताना बाहेरच्या बाजूला. या दोन हालचाली वेगवेगळ्या स्नायूंच्या आहेत. त्यामुळे एका बाजूने हमखास निघणारा ‘होर्युकेन’, म्हणजे उसळी घेऊन मारायचा ठोसा, दुसऱ्या बाजूने गायब होतो, आणि माणूस पॅडला शिव्या घालतो.

दांड्याशिवाय मोठी स्पर्धा जिंकता येत नाही, असं बराच काळ मानलं जायचं. २०१४मध्ये लास व्हेगासच्या ‘इव्हो’ स्पर्धेत फ्रान्सच्या लुफीने त्या समजुतीला सुरुंग लावला. हातात काय होतं? पहिल्या प्लेस्टेशनच्या जमान्यातला पॅड! अंतिम सामन्यात त्याने जपानच्या बोनचानला हरवलं. बोनचान खचला नाही. २०१९मध्ये तो ‘इव्हो’ जिंकला, आणि दुसरा आला अमिरातीचा आदेल अनूश ऊर्फ ‘बिग बर्ड’. २०२३मध्ये ‘इव्हो’त ‘स्ट्रीट फायटर ६’साठी सात हजारांहून जास्त खेळाडू उतरले आणि विजेता ठरला अमिरातीचाच अमजद अल-शलबी ऊर्फ ‘अँग्री बर्ड’. त्याच वर्षी हांगझोच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत ‘स्ट्रीट फायटर ५’चं सुवर्णपदक कोरियाच्या किम ग्वान-वूने घेतलं. वय ४४! तेव्हा वयाचं कारण कोणी सांगू नये.

दुखण्याचं कारण मात्र खरं असू शकतं. अंगठा उघडणाऱ्या दोन कंडरा मनगटाच्या कडेला एकाच अरुंद बोगद्यातून जातात. तिथे सूज आली तर अंगठा हलवताना कळ येते. स्विस शल्यविशारद फ्रिट्झ द कर्वेन यांनी १८९५मध्ये हा विकार नोंदवला, तेव्हा व्हिडिओ गेम कुठले! पुढे १९९०मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात सलग पाच तास खेळून अंगठा दुखावून घेतलेल्या बाईची हकिगत छापून आली, तीही ‘निन्टेन्डिनायटिस’ या मिस्कील नावाने.

म्हणून पुढच्या वेळी खेळायला बसलात की पाठ टेकवा, कोपरांना आधार द्या आणि करंगळी-अनामिकेने पॅड धरून अंगठे क्षणभर पूर्ण हवेत उचला. पॅड हललाच नाही, तर पकड बरोबर आहे. मग ट्रेनिंग मोडमध्ये जाऊन दोन्ही बाजूंनी दहा-दहा होर्युकेन काढा. ज्या बाजूचे चुकतील, तिकडे बटणं बडवत बसण्यापेक्षा डावा तळहात दोन मिलिमीटर वर किंवा खाली सरकवून बघा. आणि अंगठ्याच्या मुळाशी कळ आली, तर पॅड खाली ठेवा. दुखणं दोन-चार दिवसांत ओसरलं नाही, तर डॉक्टरांना दाखवा.