वाटण तेच, भाजी वेगळी

मटणाच्या ताटातून खाणाऱ्याला पाच गोष्टी मिळतात: जिभेवर रेंगाळणारी भरीव चव, भाजल्या-परतल्याचा खमंग वास, तर्रीतला स्निग्धपणा, दातांखाली चावायला काहीतरी आणि जेवण झाल्यावर पोट भरल्याचे समाधान. या पाचही गोष्टी धान्य, कडधान्ये आणि भाज्यांतून साधता येतात. मांसाहारी माणूस शाकाहारी जेवणाला नाक मुरडतो, तेव्हा बहुधा त्यांतल्या दोन-तीन सुटलेल्या असतात. हिंग-मोहरीच्या फोडणीवर वाफवलेली मऊ भाजी आणि पातळ वरण चवीला कितीही चांगले असले, तरी रश्शाची सवय असलेल्या जिभेला ते अपुरे वाटते.

महाराष्ट्रात मांसाहार करणारी पुष्कळ घरे श्रावण, संकष्टी, सोमवार किंवा गुरुवार पाळतात. त्यामुळे मांसाहारी जिभेला रुचतील असे शाकाहारी पदार्थ इथे पूर्वीपासून आहेत. विदर्भातला पाटवडी रस्सा, खानदेशातली शेवभाजी, मालवणकडची ओल्या काजूची उसळ आणि काळ्या वाटाण्याचे सांबार, सांगली-कोल्हापूरकडच्या ढाब्यांवरचा अख्खा मसूर हे त्यांतले काही. यांतल्या बहुतेकांत दूध, तूप किंवा पनीर लागत नाही. तेल, खोबरे, शेंगदाणे आणि डाळी यांवरच ते उभे राहतात.

भरीव चवीमागचे एक मुख्य कारण ग्लुटामेट हे आहे. जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी 1908 साली कोंबू या समुद्रशैवालाच्या काढ्यातून ते वेगळे केले आणि त्या चवीला ‘उमामी’ हे नाव दिले. ही चव मांसात असते, तशीच ती पिकलेल्या टोमॅटोत आणि अळंबीतही असते. म्हणून रश्शात टोमॅटो घालायचा तर कच्चट नको. चांगला लाल, पिकलेला टोमॅटो घ्यावा आणि त्यातले पाणी आटेपर्यंत तो परतावा.

खमंगपणाचे गणित वेगळे. पदार्थातली प्रथिने आणि शर्करा जोरदार तापल्या की त्यांच्यात रासायनिक क्रिया होऊन तपकिरी रंग आणि शेकडो सुगंधी द्रव्ये तयार होतात. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामीय मेयार यांनी 1912 साली या क्रियेचे वर्णन केले. ती वेगाने व्हायला 140 अंश सेल्सियसच्या आसपास तापमान लागते. पाणी 100 अंशांवर उकळते. त्यामुळे कांद्यात पाणी आहे तोवर तो शिजतो, पण भाजला जात नाही. कांदा आणि सुके खोबरे विस्तवावर किंवा तव्यावर चांगले काळपट भाजण्याची रीत यासाठीच आहे. गुलाबी झालेल्या कांद्यावर समाधान मानले, तर रस्सा फिकाच राहतो.

या सर्व गोष्टी पाटवडी रश्शात एकत्र दिसतात. भाजलेला कांदा, खोबरे, आले-लसूण आणि खसखस यांबरोबर धने, मिरी, लवंग, दालचिनी, मसाला वेलची आणि दगडफूल भाजून एकजीव वाटले जाते. सढळ हाताने घातलेल्या तेलात हे वाटण मंद आचेवर परतायचे. कडेने तेल सुटू लागले की वाटणातले बरेचसे पाणी उडालेले असते आणि मसाला खऱ्या अर्थाने भाजला जाऊ लागतो. मिरचीचा लाल रंग पाण्यात नव्हे, तर तेलात विरघळतो. म्हणून तिखट या टप्प्याला घातले की तर्री लालभडक होते. मग गार पाणी न घालता उकळते पाणी घालावे आणि रस्सा चांगला उकळू द्यावा.

वड्यांसाठी लसूण-मिरचीच्या फोडणीत पाणी उकळून त्यात बेसन वैरतात, गुठळ्या मोडत घट्ट घोटतात आणि दणदणीत वाफ आणतात. गोळा गरम असतानाच तेल लावलेल्या ताटात थापून वड्या कापतात. त्या रश्शात वाढायच्या वेळीच सोडाव्यात. आधीपासून टाकून ठेवल्या तर त्या मऊ पडतात आणि दातांखाली काही उरत नाही.

दातांखालच्या अनुभवासाठी आणखी तीन जिन्नस उपयोगी पडतात. पहिला कच्चा फणस. बी धरण्याआधीची कोवळी कुयरी शिजली की तिचे धागे सुटतात आणि त्यांत मसाला मुरतो. चिरताना चीक चिकटू नये म्हणून हाताला आणि सुरीला तेल लावावे. दुसरा अळंबी. तिच्या पेशींच्या भिंतीत कायटिन असते आणि ते उष्णतेने विरघळत नाही, त्यामुळे बराच वेळ शिजवूनही अळंबीचा लगदा होत नाही. मात्र तिच्यात सुमारे 90 टक्के पाणी असते. कढईत गर्दी न करता थोडी थोडी, मोठ्या आचेवर परतावी. गोव्यात पावसाळ्यात मिळणाऱ्या अळम्यांची शाकुती आवडीने करतात.

तिसरा सोयाबीनच्या वड्या. तेल काढलेल्या सोयापिठापासून केलेल्या या वड्या स्पंजासारख्या असतात आणि त्यांना स्वतःची चव बेताचीच असते. मिठाच्या गरम पाण्यात दहा मिनिटे भिजवून, गार पाण्यात दोन-तीनदा धुऊन त्या घट्ट पिळाव्यात. पाणी जितके निघेल तितका रस्सा आत शिरतो. पिळल्यावर आले-लसूण-तिखट चोळून तेलावर परतल्या, की त्यांचा उग्र वास जातो.

तळलेल्या मासळीच्या जागी सुरणाचे काप चालतात. सुरणातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुयांमुळे घसा खवखवतो. म्हणून काप कोकम किंवा चिंच घातलेल्या पाण्यात अर्धवट उकडावेत. मग हळद, तिखट, मीठ आणि आगळ लावून, रवा व तांदळाच्या पिठात घोळवून ते तव्यावर खरपूस तळावेत. सोबत सोलकढी असली की ताट पुरे होते.

पोटभरीसाठी प्रथिने लागतात आणि इथे जिन्नसांत फरक आहे. 100 ग्रॅम कोरड्या सोयावड्यांत सुमारे 50 ग्रॅम, तर तेवढ्याच कच्च्या मसुरात 24 ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. कच्च्या फणसात ती दोन-तीन ग्रॅमच भरतात. तेव्हा फणस किंवा अळंबी केली, तर जोडीला उसळ किंवा डाळ हवीच. आठवड्यातून दोन-तीन दिवस असे जेवल्याने काही अडत नाही. परंतु मांस, अंडी आणि दूध कायमचे सोडणाऱ्यांना बी-12 जीवनसत्त्व वेगळे घ्यावे लागते, कारण ते वनस्पतिजन्य आहारातून भरवशाने मिळत नाही.

असे पदार्थ वाढताना एक पथ्य पाळावे. फणसाला मटण म्हणून वाढू नये. तसे म्हटले की खाणारा तुलना करू लागतो आणि फणस हरतो. पाटवडी रस्सा पाटवडी रस्सा म्हणूनच, गरम भाकरी, कांदा आणि लिंबासोबत पानात यावा. ज्या घरात मटणाचे वाटण चांगले जमते, तिथे नवे काही शिकावे लागत नाही. रविवारी वाटण दुप्पट करावे, निम्मे फ्रीजमध्ये ठेवावे आणि बुधवारी त्यात अख्खा मसूर सोडावा.