लोहित फॉन्ट आणि त्याचा परवाना

२००४च्या सुमारास डीटीपी दुकानांत मराठी मजकूर म्हणजे सीडीवरची फाइल आणि तिच्यासोबत तिचा फॉन्ट. एका दुकानात टाइप केलेली लग्नपत्रिका शेजारच्या दुकानात उघडली की नुसता रोमन अक्षरांचा चिवडा दिसे. फॉन्ट विकतचे होते, त्यांची नक्कल देणे बेकायदा. पण नकलेवाचून पत्रिका छापून होत नसे.

त्याच वर्षी रेड हॅट कंपनीने भारतीय भाषांचे लोहित फॉन्ट जीपीएल परवान्याखाली खुले केले. हे फॉन्ट पुण्यात तयार झाले होते आणि पुढची देखभालही बरीचशी पुण्यातूनच झाली. दिसायला लोहित साधा, खरे तर थोडा रुक्षच. छपाईतल्या जुन्या खिळ्यांवर नजर तयार झालेल्याला तो आवडणे कठीण. पण युनिकोडमधला, कुणालाही देता येईल असा मराठी फॉन्ट तेव्हा हवाच होता.

अडचण निघाली परवान्यात. जीपीएल लिहिला गेला प्रोग्रामसाठी: माझ्या कामावर काही रचून ते वाटलेत, तर तेही याच अटींवर खुले करा. पीडीएफ तयार होताना मात्र फॉन्टचा काही भाग त्या फाइलीतच जाऊन बसतो. मग लोहितमध्ये जुळवलेली कादंबरीही जीपीएलखाली आली का? फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने यासाठी अपवादाचे एक कलम तयार केले, पण ते फॉन्टच्या मालकाने आपण होऊन जोडायचे. एवढा घोळ असल्यावर प्रकाशकाचा वकील ‘दुसरा फॉन्ट घ्या’ म्हणणारच.

सप्टेंबर २०११मध्ये लोहित एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्सखाली आला. माझ्या मते लोहितमधली सर्वांत मोठी सुधारणा हीच, आणि तिच्यासाठी एकाही अक्षराचे वळण बदलावे लागले नाही. या परवान्यात स्पष्टच म्हटले आहे की फॉन्ट वापरून तयार केलेल्या दस्तऐवजाला त्याच्या अटी लागू नाहीत. सॉफ्टवेअरसोबत फॉन्ट विकता येतो, नुसता फॉन्ट विकता येत नाही. बदल करून वाटायचा तर परवाना तोच ठेवायचा, आणि मूळ कर्त्याने राखून ठेवलेले नाव वापरायचे नाही. प्रत्येक प्रतीसोबत परवान्याचा मजकूर हवाच. गूगलचा नोटो फॉन्टही आधी अपाची परवान्यावर होता; २०१५मध्ये तोही इकडेच आला.

परवान्याचा प्रश्न मिटला तरी पॅकेजिंग उरतेच, आणि त्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. मराठीचा पाकळीचा ल, देठाचा श आणि हिंदीतली त्यांची रूपे, यांना युनिकोडमध्ये क्रमांक एकच. कोणते रूप दिसेल ते फॉन्ट ठरवतो, आणि कोणता फॉन्ट उचलायचा ते यंत्रणेला सांगावे लागते. फेडोरा या लिनक्स प्रणालीच्या लोहित मराठी पॅकेजात फॉन्टसोबत एक लहानशी कॉन्फिगरेशन फाइल असे. भाषा मराठी असेल तर हा फॉन्ट घे, एवढेच तिचे काम. ती चुकली की मराठी वाचकाला हिंदी वळणाचा ल. डेबियन या दुसऱ्या लिनक्स प्रणालीने आधी सगळे भारतीय फॉन्ट एकाच गाठोड्यात बांधले होते, नंतर लिपीवार वेगळे केले.

पुढे लोहित-२ आला. त्यात अक्षरजोडणीचे नियम नव्याने, वेगळ्या फाइलीत लिहिले गेले आणि अक्षरचित्रांची नावे प्रमाण पद्धतीने ठेवली गेली. पीडीएफमधून मराठी मजकूर उचलताना तो धड यावा, यासाठी ही नावे लागतात. काम कंटाळवाणे, म्हणूनच ते करणाऱ्यांचे मला कौतुक वाटते.

ओपन फॉन्ट लायसन्सने काय साधते ते दिसायला मात्र शोभिका हा फॉन्ट पाहावा. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा हा फॉन्ट याच परवान्याखाली खुला होता. आयआयटी मुंबईतल्या मंडळींनी त्याची देवनागरी घेतली, पॅराटाइप या रशियन संस्थेच्या पीटी सेरिफमधली रोमन आणि सिरिलिक अक्षरे जोडली आणि संस्कृत ग्रंथांच्या जुळणीला चालेल असा फॉन्ट तयार केला. नाव बदलले, परवाना तोच राहिला. आज तो टेक या अक्षरजुळणी प्रणालीच्या सीटॅन भांडारातून कुणालाही उतरवून घेता येतो.