साठ सेकंद थांबा!

उलटी मोजणी संपली, बटण दाबलं, आणि काहीच झालं नाही. पुठ्ठ्याच्या नळकांड्याचं रॉकेट सळीवर तसंच उभं. मुलं पुढे धावणार, एवढ्यात एक माणूस दोन्ही हात आडवे करून उभा राहतो. बटणाच्या पेटीची किल्ली काढून खिशात टाकतो आणि घड्याळाकडे बघतो. पूर्ण साठ सेकंद कुणीही रॉकेटपाशी जायचं नाही. मॉडेल रॉकेटच्या छंदातलं सगळ्यात मोलाचं मिनिट मला हेच वाटतं.

१९५७ साली स्पुटनिक वर गेला आणि अमेरिकेतली शाळकरी पोरं धातूच्या नळ्यांत घरी केलेली दारू ठासू लागली. कुणाची बोटं गेली, कुणाचे डोळे. नेब्रास्कात बुटांचं दुकान चालवणाऱ्या ऑर्व्हिल कार्लाइल यांनी १९५४ मध्येच दुसरी वाट शोधली होती : कागद आणि हलक्या लाकडाचं रॉकेट, त्यात आधीच भरून आणलेली मोटर, आणि परत उतरायला पॅराशूट. व्हाइट सँड्स तळावर क्षेपणास्त्रांचं काम केलेले हॅरी स्टाइन यांनी त्याला नियमांची आणि संघटनेची जोड दिली. धातू वापरायचा नाही, वात पेटवायची नाही, विजेच्या तारेने किमान पाच मीटर लांबून उडवायचं.

‘ए ८-३’ ही मोटर अंगठ्याएवढी. खाली मातीचं तोंड, आत सुमारे ३ ग्रॅम काळी दारू. ती सेकंदाच्या आत जळून जाते. ‘ए’ म्हणजे एकूण ढकल किती. पुढच्या प्रत्येक अक्षराला तिची मर्यादा दुप्पट. ८ हा सरासरी जोर, न्यूटनमध्ये. आणि ३ म्हणजे दारू संपल्यावर तीन सेकंद नुसता धूर. तेवढ्या वेळात रॉकेट स्वतःच्या वेगाने चढत राहतं, मग उरलेली चिमूटभर दारू वरच्या बाजूला फुटून नाकाडं उडवते आणि पॅराशूट बाहेर पडतं.

आपल्याकडे ही मोटर स्फोटकांच्या कायद्यात येते, आणि ती घरी बनवणं हा पोरखेळ नाही. तेव्हा गोव्यातल्या पेडणे-डिचोलीत सुरुवात करायची तर पाण्याने करावी. सोड्याची प्लास्टिकची बाटली एक तृतीयांश भरायची, बुचातून सायकलच्या पंपाने ४०-५० पौंड हवा मारायची आणि लांबून दोरी ओढायची. जोर साठतो हवेत. पाणी जड असल्यामुळे ते मागे फेकलं गेलं की बाटली तितक्याच हट्टाने पुढे जाते. नुसत्या हवेवर उडवून बघा, फरक लगेच कळतो.

जागेचं काय? मोपाच्या पठारावर जानेवारी २०२३ पासून विमानं उतरतात, त्यामुळे पेडण्यात जागा ठरवण्याआधी विमानतळाला विचारणं आलंच. डिचोलीतले सडे मोकळे खरे, पण जानेवारीनंतर तिथलं गवत ठिणगीची वाट बघत असतं. दारूची मोटर तिथे नकोच. मला सरदाची, म्हणजे पावसाळी भाताची, कापणी झालेलं शेत बरं वाटतं, तेही सकाळी लवकर. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की शेपटीला पंख असलेलं रॉकेट वाऱ्याकडे तोंड वळवतं, म्हणजे पश्चिमेला झुकतं. पॅराशूट मात्र उलटं, पूर्वेकडे वाहत जाऊन काजूत अडकतं. माडावर अडकलं तर? नारळ काढणाऱ्या पाडेल्याला बोलवावंसं वाटेल, पण नियम स्पष्ट आहे : उंच झाडावरून किंवा विजेच्या तारेवरून रॉकेट काढायला जायचं नाही. तिथेच सोडायचं.

या सगळ्याला माणसं लागतात. एक टेबलावर प्रत्येक रॉकेटचे पंख हलवून बघणारा. एक आकाशावर नजर ठेवणारा. एक दोऱ्याला बांधून रॉकेट डोक्याभोवती फिरवणारा, कारण ते नाक पुढे ठेवून फिरलं नाही तर वरही सरळ जाणार नाही. पणजीत जुंता हाऊसच्या गच्चीवर खगोलप्रेमींनी वर्षानुवर्षं संध्याकाळी दुर्बिणी मांडून कुणालाही शनी दाखवला. त्यामागे हौसच होती. जत्रेच्या नाटकासाठी महिनाभर तालमी करणाऱ्या आमच्या गावांना अशी माणसं शोधावी लागणार नाहीत, हाक मारावी लागेल.

सगळ्यात लहान पोराला उंची मोजायला बसवावं. कोनमापक, दोरा, दोऱ्याला बांधलेला खडा. उड्डाणाच्या जागेपासून बरोबर पन्नास मीटरवर. रॉकेट शेंड्याला पोचलं की दोरा बोटाने दाबून धरायचा. कोन पंचेचाळीस आला तर उंची पन्नास मीटर. साठ आला तर जवळजवळ सत्त्याऐंशी. वर त्याच्या डोळ्यांची जमिनीपासूनची उंची मिळवायची. ती मोजायला तो आधी कुणाला तरी पट्टी धरायला लावतो.